बेसिक किती ते आधी बघा

आज संध्याकाळी एक मैत्रीण दुबईतल्या शाळेचं ऑफर लेटर घेऊन घरी आली, जाम खूश होती, म्हणाली ताई दहा हजार दिरहम देतायत आणि टॅक्स पण नाही. मी कागद हातात घेतला आणि आधी बेसिकच शोधलं, म्हणजे भत्ते सोडून मूळ पगार. पाच हजार. बाकी सगळे अलाउन्स.

मी इथे पहिल्यांदा आले तेव्हा अगदी असंच लेटर होतं माझं आणि मी फक्त खालची टोटल बघून सही केली. चार वर्षांनी शाळा सोडली तेव्हा कळलं की ग्रॅच्युइटी, म्हणजे नोकरी सोडताना मिळणारी एकरकमी रक्कम, बेसिकवरच मोजतात, पहिली पाच वर्षं दरवर्षी २१ दिवसांचं बेसिक, पुढे ३० दिवसांचं. म्हणजे हातात आले १४,००० दिरहम, तोच पगार बेसिक आठ हजार धरून दिला असता तर २२,४०० झाले असते. त्या दिवशी खूप रडले होते मी, खरंच.

मग आम्ही दोघी पेन घेऊन बसलो. मुलाची फी माफ की अर्धी, विमानाचं तिकीट फक्त तिलाच की घरच्यांना पण, इन्शुरन्समध्ये नवरा आहे का, काहीच स्पष्ट लिहिलेलं नाही. आणि व्हिसाचा खर्च तिच्याकडूनच मागितलाय, जो कायद्याने शाळेनेच करायचा असतो!

तिने तिथेच बसून एचआरला मेल टाकला. उत्तराची वाट बघतोय.