कीबोर्ड चालतो म्हणून पोर्ट चांगला? यूएसबी बिघाडाच्या महिनाभराच्या नोंदी

१२ मे

मशीन पाच वर्षांपूर्वी मी स्वतः जोडलेलं. बी४५० चिपसेटचा (बोर्डवरचे पोर्ट वगैरे सांभाळणारी चिप) मायक्रो-एटीएक्स, म्हणजे लहान आकाराचा मदरबोर्ड, ५५० वॉटचा एसएमपीएस (मशीनला वीज पुरवणारा डबा), आणि पुढच्या बाजूला चार यूएसबी पोर्ट असलेलं कॅबिनेट. दोन काळे २.०चे, दोन निळे ३.०चे. घर रत्नागिरीजवळ, खाडीपासून चालत दहा मिनिटांवर. हे आधीच सांगून ठेवतो, कारण पुढे खाऱ्या हवेचा संबंध येणार आहे.

बाबांच्या भजनीमंडळाच्या जुन्या कॅसेट संगणकात उतरवून घेण्याचं काम हल्ली या मशीनवर चालू आहे. टेपडेक यूएसबी ऑडिओ इंटरफेसला (टेपचा आवाज संगणकाला समजेल अशा रूपात देणारी डबी) आणि इंटरफेस पुढच्या काळ्या पोर्टला जोडलेला. सी-९० कॅसेटची एक बाजू पंचेचाळीस मिनिटांची. गजर चांगला रंगात आलेला असतो आणि मधेच विंडोजचा तो दोन सुरांचा आवाज येतो, लगेच परत जोडल्याचा आवाज येतो, आणि रेकॉर्डिंग तिथेच थांबतं. फिती तीस वर्षांच्या आहेत. त्या पुन्हा पुन्हा फिरवायला हात धजत नाही.

पेन ड्राइव्ह लावला तर कधी दिसतो, कधी नाही. दिसला नाही की डिव्हाइस मॅनेजरमध्ये पिवळा त्रिकोण आणि कोड ४३ (डिव्हाइसमध्ये दोष आहे म्हणून विंडोजने ते थांबवलं). कीबोर्ड मात्र त्याच पोर्टवर वर्षभर बिनतक्रार चालतोय. त्यामुळे पोर्ट ठीक आहे असं धरून मी आधी इंटरफेसवरच संशय घेतला, त्याची केबल बदलली, ड्रायव्हर बदलला. यात चार संध्याकाळी गेल्या.

१३ मे

आज सॉफ्टवेअरची बाजू संपवून टाकली. पॉवर प्लॅनमधलं यूएसबी सिलेक्टिव्ह सस्पेंड (वीज वाचवायला रिकामे पोर्ट झोपवणारी सोय) बंद केलं, डिव्हाइस मॅनेजरमधून सगळे यूएसबी कंट्रोलर काढून मशीन पुन्हा चालू केलं, बायोस (बोर्डमधलंच मूळ सॉफ्टवेअर) अद्ययावत केला. यूएसबी मधूनच तुटण्याची अडचण ५०० मालिकेच्या चिपसेटवर आहे हे एएमडीने २०२१ मध्ये मान्य केलं होतं आणि एजेसा (बायोसमधला एएमडीचा भाग) १.२.०.२ मध्ये त्यावर दुरुस्ती आणली होती, हे तुमच्यापैकी अनेकांना आठवत असेल. माझा बोर्ड ४०० मालिकेतला, तरी बायोस जुनाच होता म्हणून करून घेतला. फरक शून्य.

मग लिनक्सचा लाइव्ह पेन ड्राइव्ह मागच्या पोर्टला लावून त्यावरून मशीन चालू केलं. हे मी पहिल्या दिवशीच करायला हवं होतं. विंडोज की हार्डवेअर, हा वाद एका बूटमध्ये मिटतो. पुढच्या काळ्या पोर्टला पेन ड्राइव्ह लावल्याबरोबर कर्नलच्या लॉगमध्ये ओळींची रांग लागली: डिस्क्रिप्टर (डिव्हाइस स्वतःची ओळख सांगतं ती माहिती) वाचताना एरर उणे ७१. हा प्रोटोकॉलचा दोष. म्हणजे डिव्हाइस लागलंय हे बोर्डला कळतंय, पण पुढचं बोलणं नीट पोचत नाही. तोच पेन ड्राइव्ह मागच्या पोर्टला लावला की एका झटक्यात उघडतो. विंडोज सुटलं.

१७ मे, रविवार

आजचा दिवस मोजमापाचा.

एक जुनी यूएसबी एक्स्टेन्शन केबल घेतली, मधोमध वरचं रबर सोलून आतली लाल आणि काळी तार थोडी उघडी केली, म्हणजे मल्टिमीटरचे प्रोब तिथे टेकवता येतात. केबलच्या दुसऱ्या टोकाला लाल-काळ्यामध्ये १० ओहम, ५ वॉटचा पांढरा सिमेंट रेझिस्टर जोडला. पाच व्होल्टवर तो साधारण अर्धा अँपिअर ओढतो, आणि यूएसबी २.०च्या पोर्टने तेवढा द्यायलाच हवा. रेझिस्टर दहा सेकंदांत चटका देण्याइतका तापतो, त्यामुळे लाकडी पाटावर ठेवून, आकडा वाचून लगेच काढायचा.

रेझिस्टर नसताना सगळे पोर्ट साजरे दिसतात: ५.०४ ते ५.०६ व्होल्ट. रेझिस्टर लावला की खरं रूप कळतं. मागचे पोर्ट ४.९७ वर थांबले. पुढचे निळे ४.८६. पुढचा डावा काळा थेट ४.३१, उजवा ४.३६. पोर्टवर किमान ४.७५ हवेत. ४.३१ म्हणजे वाटेत कुठेतरी पाऊण व्होल्ट गळतोय. दहा ओहममधून त्या वेळी ०.४३ अँपिअर जात होता, म्हणजे तारेच्या वाटेत पावणेदोन ओहमचा अडथळा. हातभर तांब्याच्या तारेत एवढा अडथळा असूच शकत नाही.

कीबोर्ड का चालत होता तेही इथेच उलगडलं. माझा साधा कीबोर्ड फारतर वीस-तीस मिलिअँपिअर घेतो, तेवढ्याला या वाटेत जेमतेम ०.०५ व्होल्ट पडतो. शिवाय तो चालतो सेकंदाला १.५ मेगाबिटने, आणि पेन ड्राइव्ह ४८० ने. बैलगाडीला खड्डे जाणवत नाहीत म्हणून रस्ता मोटारीला चांगला, असं मी धरून बसलो होतो. मंडळी, पोर्ट तपासायला माउस-कीबोर्ड लावू नका. त्याच्यावर ओझं टाका, म्हणजे या रेझिस्टरसारखं करंट ओढणारं काही लावा, आणि मग व्होल्ट मोजा.

गळती नेमकी कुठे? कॅबिनेटची बाजूची पत्री काढली. पुढच्या पॅनेलची केबल बोर्डवरच्या नऊ पिनांच्या हेडरला (उभ्या पिनांचा सांधा) येते: पहिल्या दोन पिना पाच व्होल्टच्या, मग डेटाच्या चार, मग ग्राउंडच्या दोन, नववीची जागा मोकळी, दहाव्या जागेवरच्या पिनेला तार नाही. दोन पोर्ट, प्रत्येकाच्या चार तारा: लाल, पांढरी, हिरवी, काळी. ओझं चालू ठेवून एक प्रोब बोर्डच्या पिनेवर आणि दुसरा प्रोब कनेक्टरमधून निघालेल्या लाल तारेत सुई खुपसून तिच्यावर. मीटर म्हणाला ०.६१ व्होल्ट. म्हणजे बोर्ड निर्दोष, तार निर्दोष, जी काही गळती आहे त्यातली बहुतेक त्या दोन मिलिमीटरच्या सांध्यात. (हे करताना प्रोब घसरून शेजारच्या पिनेला लागू देऊ नका. लाल आणि पांढरीमध्ये जेमतेम अडीच मिलिमीटरचं अंतर असतं.)

मशीन बंद करून, मागची वायर काढून कनेक्टर उपसला आणि भिंगाखाली धरला. काळ्या प्लास्टिकच्या भोकांत डोकावलं तर लाल तारांच्या टर्मिनलवर हिरवट पूड. कल्हई उडालेल्या पितळी भांड्यात ताक ठेवलं की कडेला जो कळंक चढतो, हुबेहूब तो. टर्मिनलनं तार जिथे चिमटीत धरलेली असते तिथेच तो जास्त. पाच पावसाळ्यांची दमट, खारी हवा आणि मुळात स्वस्तातलं मुलाम्याचं टर्मिनल. डेटाच्या टर्मिनलवर डाग होते, पण पूड नव्हती. डेटाच्या तारांतून करंट नाममात्र, खरा वाहतो तो लाल तारेतून (आणि काळीतून परत), आणि सांधा खराब झाला की तापतोही तोच.

दुरुस्ती सोपी होती, फक्त किचकट. प्लास्टिकची बारीक जीभ सुईनं उचलायची, टर्मिनल मागे ओढून काढायचं, काळवंडलेला तुकडा कापून तार नव्यानं सोलायची आणि नवीन ड्यूपाँट टर्मिनल (अशा पिनांवर बसणारं छोटं धातूचं टोक) क्रिंप करायचं, म्हणजे पकडीनं तारेवर दाबून बसवायचं. आठही तारांची टर्मिनलं बदलली, एकदा हात घातलाय तर अर्धवट कशाला सोडायचं. क्रम चुकू नये म्हणून आधी फोटो काढला आणि एका वेळी एकच तार बाहेर काढली. पाच व्होल्ट आणि ग्राउंड उलटे लागले तर पेन ड्राइव्ह जळतोच. बोर्डच्या पिना पांढऱ्या खोडरबरनं आणि मग आयसोप्रोपिल अल्कोहोलनं पुसल्या.

पुन्हा ओझं: डावा ४.९२, उजवा ४.९३. पेन ड्राइव्ह वीस वेळा काढून लावला, वीसही वेळा उघडला. उणे ७१ गायब.

२४ मे, रविवार

आठवडाभर सहा बाजू सुरळीत उतरल्या आणि आज सकाळी इंटरफेसचा संपर्क पुन्हा तुटला. मागच्या पोर्टला लावून पाहिला, तिथेही दुपारी तुटला. या वेळी मी वेळ लिहून ठेवली होती म्हणून लक्षात आलं: दोन्ही वेळा विहिरीवरचा पंप नुकताच चालू झाला होता.

मी टेबलाखाली वाकून वायरी बघत होतो तेव्हा आई केर काढता काढता म्हणाली, "अरे, त्या तुझ्या खोक्याला पुसताना माझ्या हाताला मुंग्या येतात. तुला नाही येत?" मी घरात रबरी चपला घालतो. आई अनवाणी असते. तिनं सांगितलं, बरेच महिने येतायत, यंत्रच आहे म्हणून ती काही बोलली नाही. हे ऐकून पोटात गोळा आला. टेस्टर आणून कॅबिनेटच्या स्क्रूला लावला. दिवा पेटला.

कारण आपल्यातल्या बहुतेकांना माहीत आहे, तरी लिहितो. एसएमपीएसच्या तोंडाशी गोंगाट गाळायला दोन छोटे कपॅसिटर असतात, एक फेजपासून कॅबिनेटला, दुसरा न्यूट्रलपासून कॅबिनेटला. अर्थिंग असेल तर त्यातून झिरपणारा करंट जमिनीत जातो. अर्थिंग नसेल तर कॅबिनेट त्या दोघांच्या बरोबर मध्ये, म्हणजे साधारण ११५ व्होल्टवर लटकतं. करंट एक मिलिअँपिअरपेक्षाही कमी, म्हणून नुसत्या मुंग्या. पण यूएसबीचं ग्राउंड आणि केबलवरची जाळी याच कॅबिनेटला जोडलेली. पंपाचा हिसका लाइनवर आला की तो जमिनीत जाण्याऐवजी यूएसबी केबलमधून इंटरफेसकडे आणि तिथून डेककडे वाट काढतो.

दुपारी वायरमनकाकांना बोलावलं. भिंतीतल्या वीजपुरवठ्यात स्वतः हात घालायचा नाही, हा माझा नियम आहे आणि तो तुम्हीही पाळा. मशीन चालू ठेवून त्यांनी शेजारच्या सॉकेटवर मोजलं: फेज-न्यूट्रल २३२, फेज-अर्थ ११९, न्यूट्रल-अर्थ ११३. अर्थची पिन नुसती शोभेला. भिंतीवरच्या स्विचबोर्डातली हिरवी, म्हणजे अर्थिंगची तार शाबूत होती. परसात अर्थिंगच्या खड्ड्याशी गेलो तर पट्टीचा नटबोल्ट गंजून निम्मा झडलेला, आणि खड्डा मे महिन्यात ठणठणीत कोरडा. आमच्याकडे जांभ्याचा कातळ, ओल मुळीच धरत नाही. काकांनी दुसऱ्या दिवशी (ही भर २५ मेची) नवा जीआय, म्हणजे जस्ताचा मुलामा दिलेला लोखंडी पाइप टाकला, भोवती मीठ-कोळशाचे थर दिले, पाणी सोडलं. आता न्यूट्रल-अर्थ १.८ व्होल्ट. फ्रिज आणि गीझरही याच अर्थिंगवर होते.

तीन पिनी प्लग दोन पिनी सॉकेटात बसवून देणारं ते स्वस्त अ‍ॅडॉप्टर कुणी मशीनला वापरत असाल तर आजच काढा.

७ जून, रविवार

उद्या मृग. परवापासून सरी येतायत, खड्ड्याला पाणी घालायचं काम आता चार महिने नाही. २५ मे पासून आजवर अकरा बाजू उतरल्या, पंप रोज चालला, इंटरफेस एकदाही तुटला नाही. आईनं काल मुद्दाम अनवाणी उभं राहून कॅबिनेटवर हात ठेवला आणि बराच वेळ ठेवला.

मधे एक छोटी गोष्ट झाली. बाहेरची हार्ड डिस्क पुढच्या निळ्या पोर्टला लावली की शेजारच्या पोर्टातल्या बिनतारी माउसचा बाण अडखळायचा. हा पोर्टचा दोष नाही. यूएसबी ३.० चालू असताना २.४ गिगाहर्ट्झच्या आसपास, म्हणजे बिनतारी माउस ज्या लहरींवर चालतो तिथेच, गोंगाट होतो, इंटेलने २०१२ मध्ये त्यावर सविस्तर टिपण काढलं होतं. माउसचा डोंगल (पोर्टात लावायचा त्याचा छोटा रिसीव्हर) छोट्या एक्स्टेन्शननं टेबलावर आणला, संपलं.

राहिलाय तो मागचा खालचा निळा पोर्ट. ओझ्याखाली ४.९६ व्होल्ट देतो, पेन ड्राइव्ह उघडतो, पण लिनक्समध्ये यूएसबीची झाडासारखी यादी काढली की तिथे ५००० च्या जागी ४८० (मेगाबिट दर सेकंदाला) दिसतं. म्हणजे जुन्या चार पिना लागतायत आणि ३.०च्या आतल्या पाचांपैकी एखादी तरी लागत नाहीये. टॉर्च मारून पाहिलं तर डावीकडून दुसरी पत्ती इतरांपेक्षा किंचित खाली दबलेली वाटते. घड्याळजीकडची बारीक आकडी मागवली आहे, ती आली की बोर्ड बाहेर काढतो. तुमच्यापैकी कुणी ही पत्ती बोर्डवरचा सॉकेट न उतरवता वर उचलली असेल तर कुठून हात घातलात ते सांगा, तोवर मी त्याला हात लावत नाही.