तुम्ही विचारलंत म्हणून : आमच्या कॅमेऱ्यात बोळ का दिसत नाही

दिवाळीत बोळातून मोटारसायकल चोरीला गेली, तेव्हापासून जो तो मला विचारतो की दारावर कॅमेरा असूनही त्यात फक्त उंबरा आणि दोन पायऱ्याच कशा दिसतात. कॅमेरा बिघडलेला नाही. बोळाच्या भागावर मी सेटिंगमधून काळा पट्टा टाकला आहे, माइकही बंद केला आहे, आणि हे दोन्ही समजून-उमजून केले आहे.

बोळ सर्वांचा, तिथे खासगी ते काय, असे पूर्वी मीच म्हणत असे. पण सोलापूरच्या पूर्व भागात पाणी काही दिवसांआड आणि अवेळी येते, तेव्हा बायका घरच्या कपड्यांत घागरी भरतात त्या बोळातच. दुपारी मांडीवर सूप घेऊन विड्या वळतात त्याही तिथल्याच कट्ट्यांवर.

एकदा शेजारचे गृहस्थ आले. मंगळवारी गॅसवाला येऊन गेला का, एवढेच त्यांना पाहायचे होते. मी रेकॉर्डिंग लावले. त्यात त्यांची सून आमच्या कट्ट्यावर, सूप बाजूला सारून, फोनवर तेलुगूत बोलत होती आणि मधूनच पदराने डोळे टिपत होती. मला तेलुगू येत नाही. त्यांना येते. ते शेवटपर्यंत उभ्यानेच ऐकत राहिले, आणि त्यांना नीट ऐकू येत नसेल म्हणून आवाज मीच वाढवून दिला होता.

दुसऱ्या दिवसापासून ती कट्ट्यावर बसेनाशी झाली. आठवड्याने पाणी भरताना तिने मान खाली घालून विचारले, "काका, त्यात आवाजपण येतो का?" मी हो म्हणालो. पुढे ती माहेरी गेली, ती अजून परतलेली नाही. त्याला ते रेकॉर्डिंगच कारण झाले असे मी छातीठोकपणे म्हणणार नाही. पण तसे नसेल, हेही मला स्वतःला पटवता आलेले नाही.

२०२३ चा वैयक्तिक माहितीसंरक्षणाचा कायदा घरगुती वापराला लागू नाही, असे मला ऐकवले जाते. ते खरेच आहे. पण माणूस सार्वजनिक जागी आला म्हणून त्याचे खासगीपण संपत नाही, हेही सर्वोच्च न्यायालयाच्या २४ ऑगस्ट २०१७ च्या निकालपत्रात म्हटले आहे.

ज्याची मोटारसायकल गेली तो आता पहाटे यंत्रमागाच्या कारखान्यात चालत जातो, आणि त्याच्यासमोर हे सारे सांगताना माझी जीभ अडखळते. त्याच्यासाठी रात्री अकरा ते पाच तरी पट्टा काढावा, असे अनेकदा मनात येते. पण पाणी नेमके त्याच वेळेत येते.