सातचा कोन

चोवीस कपांची ऑर्डर होती आणि भट्टीत बरोबर चोवीसच बसत होते. ऑर्डरपेक्षा दोन नग जास्त करायचे हा माझाच नियम, पण तारीख जवळ आलेली, तेव्हा मोडलाही मीच.

पहिली भाजणी, म्हणजे बिस्क, १००० अंशांवर सुरळीत पार पडली होती. ५७३ अंशांच्या आसपास मातीतलं क्वार्ट्झ एकाएकी फुगतं, आणि थंड होताना तिथेच आकसतं. त्यामुळे त्या टापूत मी भट्टी मुद्दाम रेंगाळत नेते. एकाही कपाला चीर नव्हती. मी जरा हवेतच होते म्हणा.

मग ग्लेझ. बारा कप मॅट पांढरे, बारा तांब्याच्या हिरव्यातले. ग्लेझ म्हणजे शेवटी काचच. एकट्या सिलिकाला वितळायला १७०० अंश लागतात. फेल्डस्पारसारखी द्रव्यं तिला १२०० च्या आसपासच पाघळवतात आणि अ‍ॅल्युमिना ती पाघळलेली काच भांड्याच्या अंगाला धरून ठेवते. माझ्या हिरव्यात ही धरून ठेवणारी बाजू लंगडी आहे, हे मला ठाऊक होतं. पण रंग असा उतरतो की सोडवत नाही. बुडांना मेण लावलं, कडा स्पंजने पुसल्या, भांडी चिकटू नयेत म्हणून शेल्फवर अ‍ॅल्युमिना आणि केओलिन या पांढऱ्या मातीचा लेप होताच. मधलं शेल्फ सरकवताना मागे काहीतरी टेकल्यासारखं वाटलं. तिथेच थांबायला हवं होतं.

एरवी नऊपर्यंत आटोपणारी भट्टी दहा वाजले तरी ११८५ वरच. कॉइल म्हाताऱ्या झाल्या, असं म्हणत मी चहा टाकला. अर्ध्या तासात आकडा जेमतेम पाच अंश हलला. तेव्हा कुठे काळा चष्मा चढवून भोकातून आत पाहिलं.

आत मी तीन कोन, म्हणजे ठरावीक उष्णतेला वाकणारे छोटे सुळके, उभे केले होते, पाच, सहा आणि सात नंबरचे. नंबर जितका मोठा, तितकी वाकायला उष्णता जास्त. हे कोन साधारण ग्लेझच्याच घटकांचे असतात, म्हणून नुसतं तापमान नाही, किती वेळ किती उष्णता खाल्ली तेही त्यांच्या वाकण्यात दिसतं. मला सहाचा वाकलेला हवा होता आणि सातचा जवळपास ताठ. प्रत्यक्षात पाच आणि सहा आडवे झालेले, आणि सातच्याने टोक जमिनीला टेकवलेलं. म्हणजे आत १२४० च्या आसपासचं काम होऊन गेलं होतं आणि बाहेर आकडा सांगत होता ११९०. मी मुख्य बटणच खाली पाडलं.

त्यानंतरचे तास फार वाईट. नवरा म्हणाला, "अगं, जरा किलकिली करून बघ तरी." पण तापलेल्या भट्टीत गार हवा शिरली की वाचलेलेही तडकणार. एरवी १०० च्या खाली उघडते, पण आता त्या आकड्यावर विश्वास ठेवायचा कसा? दुसऱ्या दिवशी संध्याकाळी पत्र्याला हात लावला, कोमट लागला, तेव्हा झाकण उचललं.

पांढऱ्यांचा मॅटपणा गेला होता, बाराही कप चकचकीत. हिरवे खाली ओघळून शेल्फवर तळी साचली होती आणि कप त्यात रुतलेले. छिन्नीने तीन निघाले, बुडाला काचेचे दात घेऊन. बाकीचे कानासकट फुटले. एकाच्या अंगावर फोड आले होते, म्हणजे माती स्वतःच फुगायला लागली होती. मागे पाहिलं तर थर्मोकपलचं, म्हणजे आतलं तापमान मोजणाऱ्या दांडीचं, टोक भिंतीतून बोटभर पुढे असायला हवं, ते विटेत दबून बसलेलं. माझ्याच शेल्फने ढकललेलं. ते बिचारं विटेचं तापमान मोजत राहिलं आणि त्या आकड्यावर भट्टी चालवणारा कंट्रोलर जाळ वाढवत राहिला.

ग्राहकाला फोन करून खरं ते सांगितलं. तिने चकचकीत पांढरे फोटोत पाहिले आणि तेच ठेवून घेतले. हिरव्यांसाठी दोन आठवडे मागून घेतले.

शेल्फ घासायला गॉगल आणि मास्क लावून दोन दुपारी गेल्या. लेपाने बरंच वाचवलं, तरी मधोमध तळहाताएवढा हिरवा डाग उरलाच. त्या शेल्फवर आता फक्त बिस्कची भांडी जातात.