तुम्ही विचारलंत म्हणून: पी 0.06 आलाय, आता काय लिहू?

थिसिसचे दिवस आले की हा प्रश्न येतोच, कुणी फोन करतं कुणी मेसेज टाकतं, की सर पी (खरा फरक नसतानाही निव्वळ योगायोगाने एवढा किंवा याहून मोठा फरक दिसण्याची शक्यता) 0.06 आलाय, 0.05 च्या खाली नाही, गाईड म्हणतात एनएस (नॉन-सिग्निफिकंट) लिही आणि पुढे जा, मग दोन सीझनची मेहनत पाण्यात गेली का?

नाही गेली. फक्त "फरक नाही" असं लिहू नका, कृपा करा.

समजा सोयाबीन आहे, 5 ट्रीटमेंट (तुलना करायच्या पद्धती), 4 रेप्लिकेशन (प्रत्येकीचे 4 वेगळे प्लॉट), गांडूळखताच्या प्लॉटला कंट्रोलपेक्षा, म्हणजे तुलनेसाठी ते न घातलेल्या प्लॉटपेक्षा, हेक्टरी 2 क्विंटल जास्त उतारा पडला आणि 95 टक्के कॉन्फिडन्स इंटर्व्हल (खरा फरक कुठून कुठपर्यंत असू शकतो तो पट्टा) निघाला उणे 0.1 ते 4.1. म्हणजे फायदा शून्याच्या आसपास असेल किंवा चार क्विंटलही असेल, तुमच्या डेटाला दोन्ही चालतंय. टेबलात नुसतं एनएस छापलं की वाचणारा म्हणणार गांडूळखताचा उपयोग नाही, आणि हे तर तुमच्या प्रयोगाने सांगितलेलंच नाही! शेतकऱ्याला 2 क्विंटल म्हणजे थोडं नाही हो. म्हणून आधी फरक किती ते लिहा, मग इंटर्व्हल, मग पी, आणि तोही पूर्ण, 0.06 असा.

पी 0.05 च्या खाली आला तरच फरक मानायचा ही रेघ स्टॅटिस्टिशियन फिशरने 1925 मधे सोयीची म्हणून सुचवली. आपल्याकडे पिढ्यानपिढ्या पोरं पानसे-सुखात्मेंचं शेतीतल्या स्टॅटिस्टिक्सचं पुस्तक उघडून सीडी (क्रिटिकल डिफरन्स, फरक सिग्निफिकंट म्हणायला तो किमान किती हवा तो आकडा) काढायला शिकली, मीही, आणि त्या पुस्तकाबद्दल मला फार आदर आहे, पण सीडी ओलांडली तर खरं नाहीतर खोटं असा अर्थ काढायची सवय आपली आपण लावून घेतली. 2019 मधे नेचर या विज्ञान नियतकालिकातल्या एका लेखाला 800 च्या वर संशोधकांनी सह्या दिल्या त्या याच सवयीविरुद्ध.

उलटी चूक, म्हणजे डेटा सांगत नाही ते ठामपणे म्हणणं, मला जास्त छळते. एका मुलीने सांडपाणी प्रवाहात मिसळतं त्या ठिकाणाच्या वर एक जागा आणि खाली एक जागा धरून प्रत्येकी 15 बाटल्या भरल्या, पी आला 0.001, खूश होती. पण 15 बाटल्या एकाच जागच्या, तिथे एन (स्वतंत्र नमुन्यांची संख्या) 15 नाही, 1 आहे. इकॉलॉजिस्ट हर्लबर्टने 1984 मधे यालाच स्यूडोरेप्लिकेशन म्हटलं, त्याने तपासलेल्या ज्या प्रयोगांत स्टॅटिस्टिक्स वापरलं होतं त्यातल्या जवळपास निम्म्यांत ही चूक निघाली.

परत सॅम्पलिंगला वेळ नव्हता. मग "दोन जागांच्या पाण्यात फरक आहे, तो सांडपाण्यामुळेच आहे असं या डेटावरून म्हणता येत नाही" हे वाक्य तिने निष्कर्षात घातलं, आणि मी आग्रह धरला म्हणून अ‍ॅबस्ट्रॅक्टमधेही.