थर्मलमधून रानडुक्कर ओळखताना

थर्मल म्हणजे अंगाच्या उष्णतेवरून अंधारातही चित्र दाखवणारी दुर्बीण. तिच्यात ३८४ बाय २८८ पिक्सेलचा, एकेक पिक्सेल १२ मायक्रॉनचा असलेला सेन्सर आणि २५ मिलिमीटरची लेन्स असेल, तर १०० मीटरवर चित्रातल्या एका पिक्सेलमध्ये साधारण ५ सेंटिमीटर मावतात. मोठं रानडुक्कर पंचवीसेक पिक्सेल लांब दिसतं. पाठीची कमान, खाली घातलेलं डोकं, सगळं कळतं. ३०० मीटरवर उरतात जेमतेम आठ. तो ठिपका डुकराचा, कुत्र्याचा की बांधावर वाकलेल्या माणसाचा, हे छातीठोक सांगता येत नाही. दुकानदार ‘दीड किलोमीटरवरचं दिसतं’ म्हणतो, ते म्हणजे नुसतं काहीतरी चमकण्याचं अंतर!

उन्हाळ्यात माळावरचे दगड रात्री उशिरापर्यंत तापलेले असतात, म्हणून पहाटे तीननंतर पाहा. चिखलात लोळलेलं डुक्कर फिकं दिसतं. उभ्या उसात, दाट तुरीत थर्मल आंधळाच. गाडीची काच खाली घ्या, तिच्यातून उष्णता दिसत नाही.

हे सगळं राखणीसाठी. परवानगीशिवाय शिकार १९७२च्या वन्यजीव कायद्याने गुन्हा आहे. कळप कोणत्या बांधावरून शिरतो ते टिपा आणि तिथेच झटका मशीनची, म्हणजे जनावर शिवताच क्षणभर झटका देणाऱ्या कुंपणाची, खालची तार जमिनीपासून आठेक इंचांवर ओढा. गवत तारेला टेकलं की झटका मेला. घरच्या लाइटचा आकडा मात्र तारेला कधीच जोडू नका, माणूस जातो.