पाच जणांना प्रोसेस कशाला?

‘आम्ही पाचच माणसं, एका खोलीत बसतो. आम्हाला कशाला हवी प्रोसेस?’ छोटी सॉफ्टवेअर कंपनी चालवणारे हे मला हमखास विचारतात. प्रोसेस म्हणजे काम करायची ठरवून घेतलेली रीत. तुम्हीही विचारलंत, म्हणून आधी आमचीच फजिती सांगते.

एका ग्राहकाच्या बिलात एकूण रकमेचा शेवटचा आकडा चुकत होता. त्याचा रात्री फोन आला. आमच्या सहकाऱ्याने थेट लाइव्ह सर्व्हरवर, म्हणजे ग्राहक वापरत होता त्याच यंत्रणेवर, जाऊन दोन ओळी बदलल्या. ग्राहक खूश, आम्ही खूश. तीन आठवड्यांनी नवी आवृत्ती चढवली आणि चूक जशीच्या तशी परत! त्या दोन ओळी ऑफिसमधल्या कोडमध्ये कधी आल्याच नव्हत्या. सहकारी रजेवर होता, आणि त्याने नेमकं काय बदललं होतं ते दुसऱ्या कुणालाच ठाऊक नव्हतं. दोन ओळी शोधायला दोन दिवस गेले. गिट, म्हणजे कोडमधल्या प्रत्येक बदलाची नोंद ठेवणारं साधन, आमच्याकडे होतं, बरं का. २००५ पासून फुकट मिळतंय. फक्त घाईच्या वेळी ते कुणाला आठवायचं नाही.

मग आम्ही दुसऱ्या टोकाला गेलो. एका मोठ्या कंपनीतल्या ओळखीच्या माणसाकडून त्यांच्या प्रोसेसचे फॉर्म आणले. काम आधी उरकायचं आणि महिनाअखेरीस मागच्या तारखा घालून फॉर्म भरत बसायचं. चार महिन्यांत कंटाळलो. दोष त्या फॉर्मचा नव्हता, अंगरखाच दुसऱ्याच्या मापाचा होता. सीएमएमसारखी, म्हणजे कंपनीची प्रोसेस किती पक्की आहे ते जोखणारी, मॉडेलं कार्नेगी मेलन विद्यापीठातल्या संस्थेत तयार झाली, ती अमेरिकी संरक्षण खात्याला आपले कंत्राटदार पारखता यावेत म्हणून. आमच्या मापाचं पुढे २०११ मध्ये आलं: आयएसओ २९११० हे आंतरराष्ट्रीय मानक, पंचवीस माणसांपर्यंतच्या संस्थांसाठी. त्यातला सर्वांत खालचा टप्पा साधारण सहा मनुष्यमहिन्यांपर्यंतच्या (एका माणसाचं सहा महिन्यांचं काम) कामांसाठी आणि नव्या कंपन्यांसाठी आहे. तो वाचाच. सर्टिफिकेटच्या मागे मात्र ग्राहक मागेपर्यंत लागू नका.

शेवटी जे टिकलं ते फार थोडं. प्रत्येक बदलाची आधी नोंद, मग गिटमध्ये कोड, मग दुसऱ्या कुणाची तरी नजर, आणि सर्व्हरवर स्क्रिप्टनेच, म्हणजे ठरलेल्या पायऱ्या आपोआप करणाऱ्या छोट्या प्रोग्रॅमनेच, चढवायचं. हाताने सर्व्हरला शिवायचं नाही. टेस्ट, म्हणजे कोड आपोआप तपासणारा कोड, आम्ही सगळ्याच्या लिहीत नाही. एकदा सापडलेल्या चुकीची मात्र लिहितोच.

यात सगळ्यात जास्त खोडा कुणी घातला असेल, तर मी. ‘आत्ता टाकून दे, नंतर बघू’ हे वाक्य माझंच. नियम लागू झाल्यावर पंधराच दिवसांत एका ग्राहकाचा वैतागलेला फोन आला. मी धावत जाऊन आमच्यातल्या सगळ्यात नव्या मुलीला म्हटलं, ‘अगं, एवढं पटकन बदल ना.’ तिने स्क्रीनवरून नजरही हलवली नाही.

‘करते की मॅडम. तुम्ही नोंद टाका आधी.’

टाकली. दीड मिनिट लागलं.