नोंदवही, संमतिपत्र आणि ऊसतोडीचा हंगाम

डी. एम. कार्डिऑलॉजी करून बीडला परतलो तेव्हा हार्ट फेल्युअरच्या रुग्णांची पद्धतशीर नोंद ठेवायची, एवढे माझे ठरलेले होते. तिरुवनंतपुरम जिल्ह्यात २०१३ मध्ये या आजाराने रुग्णालयात दाखल झालेल्या १,२०५ रुग्णांची अशी नोंद झाली होती आणि त्यांपैकी सुमारे ३१ टक्के रुग्ण वर्षाच्या आत दगावले होते. आपल्याकडे काय घडते, हे मला पाहायचे होते.

संशोधनात रुग्णांचे हित जपले जाते का, हे पाहणाऱ्या एथिक्स कमिटीने पहिल्या बैठकीत प्रस्ताव परत पाठवला. संमतिपत्रात मी ‘हृदय निकामी होणे’ असे लिहिले होते. कमिटीवरील सामान्य नागरिकांचे प्रतिनिधी असलेले एक निवृत्त शिक्षक म्हणाले, ‘‘हे वाचल्यावर माणूस सही करील, की गावाकडून भावकीला बोलावून घेईल?’’ तेव्हा राग आला होता, पण त्यांचे बरोबर होते. मग ‘हृदयाची रक्त पुढे ढकलण्याची ताकद कमी होणे, त्यामुळे दम लागणे आणि पायांवर सूज येणे’ असा बदल केला; अंगठा उठवणाऱ्यांसाठी त्रयस्थ साक्षीदाराच्या सहीची जागा वाढवली. सीटीआरआय या वैद्यकीय संशोधनाच्या राष्ट्रीय नोंदणी-संकेतस्थळावरील नोंदणी, तिथून आलेल्या शंका आणि त्यांची उत्तरे यांत आणखी काही आठवडे गेले.

खरी चूक मात्र वेळापत्रकात होती. या आजाराच्या औषधांपैकी काहींचा डोस साधारण दर दोन आठवड्यांनी वाढवावा लागतो, आणि त्यांतलेच स्पायरोनोलॅक्टोन हे औषध सुरू असेल तर रक्तातील पोटॅशियमवर लक्ष ठेवावे लागते. मी पंधरवड्याच्या भेटी आखल्या. दसरा झाला, मुकादमाकडून उचल घेतलेली ऊसतोड कामगारांची जोडपी सांगली, कोल्हापूर आणि कर्नाटकाकडे निघाली, आणि माझे फॉलोअपचे रकाने कोरे राहू लागले. बीडमध्ये वाढलेल्या माणसाला हे आधी सुचू नये, याची अजूनही लाज वाटते.

पुन्हा कमिटीकडे जाऊन फोनवरील फॉलोअप आणि कारखान्याजवळच्या लॅबमधील रक्ततपासणी मंजूर करून घेतली. वजनाचा प्रश्न उरला, कारण कामगारांच्या कोपीत, म्हणजे पाचटाच्या झोपडीत, काटा कुठला असणार? एका कामगाराने किराणा दुकानातील पोती मोजायच्या काट्यावर बायकोला उभे करायला सुरुवात केली. एका रात्री त्याचा फोन आला: ‘‘साहेब, तीन दिवसांत दोन किलो वाढलं. जेवण तर जात नाही तिला, मग वजन कशानं वाढलं?’’ ते अंगात साठणारे पाणी होते. दम किती लागतो, लघवी किती होते, हे विचारून लघवीच्या गोळीचा डोस वाढवला आणि दुसऱ्या दिवशी रक्त तपासायला सांगितले.

गुढीपाडव्यानंतर दोघे परत आले, तेव्हा त्याने मुलीची जुनी वही पुढे केली. तिच्यात तारखेसमोर वजने लिहिली होती. सलग चार दिवस मात्र ‘काटा बिघडला’ एवढेच होते. माझ्या सहायकाने आधीच्या-नंतरच्या वजनांवरून अंदाजे आकडे भरू का, असे विचारले. ते चार रकाने आम्ही कोरेच ठेवले.